ड्युटीचा शीण आणि माइंडफुलनेस ॲप : या चुका टाळा

रुग्णालयातील सहकाऱ्यांना माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा सराव, शिकवणारे ॲप वापरायला शिकवण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे आणि दर नव्या तुकडीत एक चूक पहिल्याच आठवड्यात दिसते. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर, अंथरुणाला पाठ टेकल्यानंतर ॲप उघडले जाते. बारा तास उभ्याने काढलेले शरीर त्या वेळी केवळ झोप मागत असते, त्यामुळे श्वासाकडे लक्ष देण्याची सूचना पुरी होण्याआधीच डोळा लागतो आणि आठवड्याभरात ‘मला हे जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. झोप लागली हे चांगलेच झाले, पण तिला सराव म्हणता येणार नाही. सरावाला थोडी तरी जागी असलेली वेळ द्यावी लागते. मी स्वतः पाळी सुरू होण्याआधी, कपडे बदलण्याच्या खोलीत, तीन मिनिटांचा एकच पाठ ऐकते आणि त्यातली एकच सूचना दिवसभर हात धुताना पाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलयुक्त द्रावण हातांवर चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हे करावेच लागते, म्हणून त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. पाण्याचा स्पर्श, बोटांची हालचाल आणि एक पूर्ण उच्छ्वास एवढ्याकडेच मी लक्ष देते.

तीन दिवसांत फरक जाणवला नाही म्हणून ॲप काढून टाकणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते, कारण त्यांना कोणीतरी झटपट आरामाचे आश्वासन दिलेले असते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा जो कार्यक्रम सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला आणि त्यात घरी रोज सराव करणे अपेक्षित असते. पुढे २००९ मध्ये ७० प्राथमिक सेवा डॉक्टरांना दिलेल्या माइंडफुलनेस प्रशिक्षणाचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठ आठवड्यांनंतर आणखी दहा महिने दरमहा भेटी होत्या. शिवाय ते डॉक्टर एकत्र बसून आपापले अवघड प्रसंग एकमेकांना सांगत होते. ॲपमध्ये नेमका हाच भाग नसतो. त्यामुळे एकट्याने ॲप ऐकणाऱ्यांना मी आठवड्यातून एकदा तरी एखाद्या सहकाऱ्याशी सरावाविषयी बोलण्याचा आग्रह धरते. दर आठवड्याला नवे ॲप घेणे हाही अधीरपणाच आहे, तेव्हा एकच आवाज आणि एकच पाठ महिनाभर ठेवावा.

मात्र ज्या चुकीविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे, ती व्यवस्थापनाकडून होते आणि एकदा ती माझ्याही हातून झाली. मी तेव्हा जेथे काम करत होते, तेथे अतिदक्षता विभागातील सर्वांना एका ॲपची वर्गणी भरून देण्यात आली आणि सलग तीस दिवस सराव करण्याची स्पर्धा लावण्यात आली. कोणाचा दिवस चुकला नाही आणि कोणाचा चुकला, हे हिरव्या व लाल खुणांनी दाखवणारा फलक मी स्वतः तयार केला होता. तिसऱ्या आठवड्यात, एकही लाल खूण नसलेली एक अनुभवी परिचारिका औषधांची ट्रॉली भरत असताना तिच्या खिशातल्या फोनवर आवाज बंद करून दहा मिनिटांचा पाठ चालू असलेला मला दिसला. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, आज जेवायलाही बसले नाही. पण फलकावर माझ्या नावापुढे लाल खूण नको होती.” त्या महिन्यात विभागातील दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्यांचे काम उरलेल्यांवर वाटून टाकलेले होते. ज्या साधनाने तिचा भार हलका व्हायला हवा होता, त्याचे मी आणखी एक काम करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मी तो फलक उतरवला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पुरते खचून जाण्याची, नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून ते उद्भवते, असे तेथे म्हटले आहे. शक्ती संपून गेल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपण कार्यक्षम उरलो नाही ही भावना, ही त्याची तीन अंगे सांगितलेली आहेत. ताण कामाच्या रचनेतून येत असेल तर ड्युटीचे वेळापत्रक, रिकाम्या जागा आणि सलग रात्रपाळ्या तशाच ठेवून केवळ ॲप वाटणे म्हणजे गळके छत तसेच ठेवून लादी पुसत बसणे होय. डॉक्टरांमधील बर्नआउटवरील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्यक्तीसाठीचे उपाय आणि संस्थेच्या पातळीवरचे बदल या दोहोंचा उपयोग दिसून आला होता. त्यामुळे ॲप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, पण आता माझी एक अट असते : दहा मिनिटे रुग्ण सांभाळायला बदली माणूस जेथे नेमून मिळत नाही, त्या विभागात मी प्रशिक्षण सुरू करत नाही. ही अट ऐकून काही ठिकाणांहून पुन्हा बोलावणे येत नाही, तरीही मी ती सोडलेली नाही.

काही चुकांना एकेक वाक्य पुरेसे आहे. वॉर्डात इअरफोन लावू नयेत, कारण मॉनिटरचा अलार्म ऐकू आलाच पाहिजे. नोंदणीसाठी रुग्णालयाचा ईमेल वापरू नये आणि मनःस्थितीच्या नोंदी वरिष्ठांना दिसणार नाहीत याची आधी खात्री करावी. सलग दिवसांचा आकडा दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करावी, कारण पाळी बदलली की एखादा दिवस चुकणारच.

रुग्णाचा मृत्यू किंवा बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याचा अयशस्वी प्रयत्न नुकताच पाहिलेला असताना डोळे मिटून बसण्याचा हट्ट अनेक जण धरतात, तेव्हा तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येऊन घबराट वाढू शकते. अशा वेळी मी डोळे उघडे ठेवायला, पाय जमिनीवर टेकवायला आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यायला सांगते. तरीही त्रास वाढला तर पाठ तेथेच थांबवून कोणाजवळ तरी जाऊन बसावे. दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे किंवा झोप उडणे ही बर्नआउटपेक्षा वेगळ्या, उपचार लागणाऱ्या नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि ती ॲपमधल्या पुढच्या पाठाने जातील या आशेवर थांबू नये. स्वतःला इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी फोनवरचे ॲप बंद करून त्याच पाळीत एखाद्या सहकाऱ्याला तो बोलून दाखवावा आणि त्याच्यासोबत मनोविकारतज्ज्ञाकडे जावे.