थंडीत दोघांनीच फिरायला निघायचंय? आधी घराची कामं अशी लावून घ्या

दिवाळी झाली, पोरं पुण्याला परत गेली, की जळगावात सकाळी अंगावर शाल लागते आणि आमच्या घरात एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचं. आपल्या खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा साठी ओलांडलेल्या माणसानं दुपारी अंगणातसुद्धा निघू नये, आणि पावसाळ्यात गुडघे दुखतात, म्हणजे फिरायचे दिवस खरे तर नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. ते हातचे घालवायचे नाहीत.

मी शाळेतून रिटायर झाले, हे जिल्हा परिषदेतून. ओळखीतली कितीतरी जोडपी बघते, पैसा आहे, तब्येत बरी आहे, तरी "घर कोण बघेल" म्हणून निघतच नाहीत. म्हणून हे सगळं लिहिते, कारण माझा अनुभव असा की ट्रिपची तयारी तिकिटापासून करायची नसते, घरातल्या रोजच्या कामांपासून करायची असते.

आधी एक वही घ्या

दोघांनी एक आठवडा आपापली कामं लिहून काढायची. अगदी बारीकसारीक सगळं, दूध तापवणं, नळ आला की मोटार लावणं, ड्रम भरणं, कचऱ्याची गाडी, लाईट बिल, तुळशीला पाणी, कडधान्याला ऊन दाखवणं, गोळ्या आणणं, बँकेत जाणं. आमच्याकडे लिहून झाल्यावर कळलं की स्वयंपाकघरातलं एकही काम ह्यांना येत नाही, आणि पैशाचं एकही काम मला येत नाही. गॅस बुक कसा करतात तेसुद्धा मला माहीत नव्हतं, ३४ वर्षं पोरांना गणित शिकवलं तरी.

मग पुढचे दोन आठवडे कामांची अदलाबदल करायची. हे महत्त्वाचं आहे, टाळू नका. ह्यांनी कुकर लावायला, वरण-भात आणि साधी खिचडी करायला शिकायचं, मी फोनवरून बिल भरायला, रेल्वेचं तिकीट काढायला आणि एटीएममधून पैसे काढायला शिकायचं. पहिल्या दिवशी ह्यांची खिचडी लागली, मला बिल भरायला पाऊण तास लागला, पण दहाव्या दिवसापर्यंत दोघांचा हात बसला. याचा उपयोग प्रवासात होतो. मागच्या वर्षी ओंकारेश्वरला मला दोन दिवस ताप होता, तेव्हा माझी कुठली गोळी सकाळची नि कुठली रात्रीची हे ह्यांना मला विचारावं लागलं नाही, आणि लॉजवाल्याकडून गरम पाणी घेऊन पेज कशी करायची तेही माहीत होतं.

नोव्हेंबरचं काम नोव्हेंबरमध्येच

पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला दिल्याशिवाय गावाबाहेर पडू नये. तो साधारण नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि राहून गेला तर पेन्शन अडकते. आता रांगेत उभं राहायची गरज नाही, जीवन प्रमाण म्हणून ॲप आहे, सोबत आधारचं चेहरा ओळखणारं ॲप टाकायचं आणि घरबसल्या मोबाईलसमोर चेहरा धरून दाखला जातो. ज्यांनी आयुष्यभर शेतात काम केलंय त्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, त्यांना हे चेहऱ्याचं फारच सोयीचं आहे. खिडकीकडे तोंड करून बसायचं, चष्मा काढायचा, उजेड समोरून यायला हवा. दाखला गेल्यावर जो नंबर येतो तो वहीत लिहून ठेवा. आणि "दाखला करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ कट करायचा, बँक किंवा ट्रेझरी असा फोनवर ओटीपी मागत नाही.

कुठे जायचं ते थंडी बघून ठरवा

लोक केदार-बद्रीची नावं घेतात, पण दिवाळीच्या सुमारास केदारनाथची दारं बंद होतात ती अक्षय्य तृतीयेच्या आसपासच उघडतात, त्यामुळे हिवाळ्यात तो विषयच नाही. काशी-प्रयाग होतं, पण डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास लेट होतात, रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्मवर थंडीत बसून राहणं आपल्या वयाला झेपत नाही. रामेश्वरला जायचं असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत पाऊस असतो आणि जानेवारीच्या मध्यात पोंगलची गर्दी, म्हणून मी म्हणेन जानेवारीचा शेवट. द्वारका-सोमनाथ थंडीत छान, आणि आपल्याला सुरतेच्या बाजूनं जायला सोपं.

पण पहिल्यांदाच दोघं निघत असाल तर लांब जाऊच नका. एका रात्रीची ट्रायल करा. अजिंठा जळगावहून ६० किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी येता येतं, पण मुद्दाम एक रात्र लेणीजवळच्या फर्दापूरला राहा म्हणजे बाहेर झोप लागते का, बॅग जड होते का, सगळं कळतं. सोमवारी लेणी बंद असते, हे लक्षात ठेवा, आणि डिसेंबरात शाळांच्या सहली असतात म्हणून सकाळी लवकर आत जायचं. पायऱ्या आहेत, गुडघ्याचा त्रास असेल तर डोलीवाले मिळतात, लाजायचं काहीच कारण नाही. नंदुरबार-शहादाकडच्या लोकांना तोरणमाळ जवळ आहे, सातपुड्यात ११०० मीटरच्या वर, यशवंत तलावाच्या काठी संध्याकाळ काढायची, पण तिथली थंडी खरीच बोचते, डोक्याला बांधायला मफलर न्या.

ट्रायल नीट झाली की मग चार-पाच दिवसांचं ओंकारेश्वर-महेश्वर. मला ते आपल्या खानदेशी जोडप्यांसाठी सगळ्यात आवडतं. जळगाव किंवा भुसावळहून गाडीनं खंडवा, तिथून रस्त्यानं साधारण ७० किलोमीटर. नर्मदेतल्या बेटावर ओंकारेश्वर आणि अलीकडच्या काठावर ममलेश्वर, दोन्ही करायची. सोमवार टाळा, फार गर्दी. तिथून दीड-दोन तासांवर महेश्वर, अहिल्याबाईंची राजधानी, घाटावर सकाळी नऊच्या उन्हात बसून राहायचं, बाकी काही करायचंच नाही.

तिकीट आणि सवलती

रेल्वेचं रिझर्वेशन आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाले. सकाळी ८ ला बुकिंग चालू होतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, अजून चालू झालेली नाही, म्हणून तिकीट पूर्ण पैशाचं धरून बजेट करा. पण लोअर बर्थचा कोटा आहे, त्याचा फायदा घ्या, पुरुष ६० च्या आणि बायका ४५ च्या पुढे लागतात, आणि त्या तिकिटावर एक किंवा दोघंच असायला हवेत. इथेच लोक चुकतात. व्याही-विहिणीसोबत चौघांचं एकच तिकीट काढलं तर तो कोटा मिळत नाही, मग वरची बर्थ नशिबी येते. दोन-दोनची वेगळी तिकिटं काढा.

एसटीनं जाणाऱ्यांना मात्र चांगलं आहे, बायकांना अर्धं तिकीट, ६५ च्या पुढच्या पुरुषांना अर्धं आणि ७५ झाले की फुकट. पण राज्याच्या हद्दीपर्यंतच, इंदूर-सुरतच्या गाडीत पुढचे पैसे भरावे लागतात. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

लॉज बुक करताना फोटो बघून ठरवू नका, फोन करून विचारा. खालच्या मजल्यावर खोली आहे का, संडास कमोडचा आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, गाडी दारापर्यंत येते का. आम्हाला एका ठिकाणी लिफ्ट आहे सांगून तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आणि लिफ्ट बंद होती, ह्यांना चढताना दोनदा थांबावं लागलं, तेव्हापासून मी "आज लिफ्ट चालू आहे का" असंच विचारते आणि निघायच्या दिवशी परत फोन करते. आणखी एक, बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी हवीच, नाहीतर त्यातून कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. घरीसुद्धा हेच, आणि खोली बंद करून शेगडी पेटवून झोपायचं नाही.

गोळ्या आणि कपडे

दहा दिवसांचा प्रवास असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्या. अर्ध्या माझ्या बॅगेत, अर्ध्या ह्यांच्या, एक बॅग हरवली तरी अडायला नको. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. इन्सुलिन घेत असाल तर ते बर्फाला चिकटवून ठेवायचं नाही, उन्हातही नाही. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात आणि बीपी वाढतं, म्हणून जायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, फ्लूच्या लसीचंही विचारा, आणि पहाटे पाचला थंड पाण्यानं घाटावर आंघोळ करायचा हट्ट धरू नका, देव नऊ वाजताही तिथेच असतो. कपडे जाड एक नेण्यापेक्षा पातळ दोन-तीन न्या, दुपारी काढता येतात.

खायला पहिल्या दिवसाचं घरचंच. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडं लोणचं. कळण्याची भाकरी मलाही फार प्रिय, पण दुसऱ्या दिवशी ती कडक होते. निघायच्या आदल्या आठवड्यात भरीत-पुरीचा बेत करून घ्या, आपल्याकडची हिरवी मोठी वांगी याच दिवसांत येतात आणि कपाशीच्या काड्यांवर भाजली की त्याची चव बाहेर कुठे मिळत नाही, प्रवासात त्याचीच आठवण येते. निघायच्या दिवशी मात्र साधा वरण-भात.

घर बंद करताना

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण आमचं नुकसान इथेच झालं. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो. निघालो त्या दिवशी पाणी नव्हतं, हात धुवायला मी मागच्या मोरीतला नळ उघडला, पाणी आलं नाही, आणि तो तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा पोरगा फोनवर सांगतो, "काकू, तुमना नळ चालू ऱ्हायी गया, पानी गल्लीमा वही ऱ्हायनं". त्यानं भिंतीवरून उडी मारून मीटरजवळचा कॉक बंद केला. तोपर्यंत मोरीतून स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं आणि खाली ठेवलेली तुरीची आख्खी गोणी भिजली, घरच्या शेतातली तूर, माझ्या भावानं पाठवलेली. परत आलो तेव्हा तिला मोड आले होते. फार वाईट वाटलं, दाणा आहे तो.

म्हणून आता आमचा क्रम पक्का आहे. आधी मीटरजवळचा मुख्य कॉक बंद, मग घरातले सगळे नळ एकेक फिरवून बघायचे. धान्याच्या गोण्या पाटावर किंवा विटांवर. गॅसचं रेग्युलेटर काढून ठेवायचं. दहा दिवस जाणार असाल तर फ्रीज रिकामा करून पुसून, प्लग काढून, दार थोडं उघडं, मध्ये कापडाची घडी घालायची म्हणजे वास धरत नाही. मोटार आणि गिझरचे स्विच बंद. दूध आणि पेपर बंद, दारात पेपरांचा ढीग दिसला की चोराला कळतं. सोनं लॉकरमध्ये. एक चावी विश्वासाच्या शेजाऱ्याकडे, आणि त्याला कॉक कुठे आहे ते प्रत्यक्ष नेऊन दाखवायचं, नुसतं सांगायचं नाही. तुळशीचंही त्यालाच सांगा. घाटावरचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला परत आल्यावर टाका.

हा सगळा क्रम आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ती वही दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलीय. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं हात लावून बघायचं आणि "झालं" म्हणायचं, तेव्हा बरोबरची खूण करायची. अर्धा तास लागतो, म्हणून रिक्षा गाडीच्या वेळेच्या दीड तास आधी नाही, दोन तास आधी बोलवा.

परत आल्यावर उलट्या क्रमानं. कॉक उघडा, पहिलं पाणी दोन मिनिटं वाहू द्या, टाकी दहा दिवस साठलेली असेल तर ते पाणी झाडांना, प्यायचं नवीन भरा. मग शेजाऱ्याकडे चावी आणायला जाताना नर्मदेचं पाणी आणि थोडा प्रसाद न्या, आणि तो कधी बाहेरगावी जाणार आहे ते विचारून आपल्या वहीत लिहून घ्या.