जुन्या गुन्ह्यामुळे शिक्षा वाढली? आधी दोषारोप वाचा

सातारच्या कोर्टात वकिली करते. परवा एक मावशी दुधाच्या पिशवीत निकाल गुंडाळून आल्या. "ताई, चोरी एक, शिक्षा एवढी कशी?" मुलाची आधीची शिक्षा धरून वाढवलेली.

अशा वेळी मी निकाल वाचण्याआधी दोषारोप, म्हणजे कोर्टाने आरोपीवर लेखी ठेवलेला आरोप, काढते. वाढीव शिक्षा हवी असेल तर आधीच्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण दोषारोपात असावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम २३४(७) तेच सांगतं. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्यापूर्वी कोर्ट ते जोडू शकतं, नंतर नाही. मग पुरावा. जुन्या निकालाची नुसती प्रमाणित प्रत पुरत नाही, तो माणूस हाच, हेही सिद्ध व्हावं लागतं. आमच्याकडे एकाच आडनावाची निम्मी गावं, त्यामुळे बापाचं नाव, वय, पत्ता मी बोट ठेवून जुळवते.

अपिलाची मुदत: मॅजिस्ट्रेटचा निकाल असेल तर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयात ६०. निकालाची नक्कल (प्रमाणित प्रत) मिळण्यात गेलेले दिवस वगळतात, म्हणून नकलेच्या शिक्क्यावरच्या तारखा (अर्ज कधी, तयार कधी) जपा. आरोपीला निकालाची प्रत फुकट मिळते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुलगा आत असेल तर अपील तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही जातं. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज लावा.

मावशींच्या कागदात जुनी तारीखच नव्हती. वकीलपत्रावर अंगठा घेतला.