बोर्डिंग स्कूल निवडताना शाळेचं नाव बघायचं की आपलं पोरगं?

माझ्या भाच्याला सहावीला एका नावाजलेल्या निवासी शाळेत घातलं होतं, नाव ऐकलं की लोक "अरे वा" म्हणायचे. पोरगं हुशार, पण झोपेला कच्चं आणि तासन्‌तास एकटं बसून तबला वाजवणारं, आणि तिथं सगळी संध्याकाळ मैदानात. दिवाळीला घरी आला तेव्हा ट्रंकेत नवे मोजे घडी मोडली नव्हती तसेच, कारण धुवायला टाकले की हरवतात म्हणून तो दोनच जोड आलटून पालटून घालत होता आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, वॉर्डनला पण नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी शाळा कशासाठी काढलीय ते बघा. साताऱ्याची सैनिक स्कूल देशातली पहिली, १९६१ ची, मान आहेच, पण सैनिक शाळांचा मूळ हेतू मुलांना एनडीएसाठी, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या पुण्याच्या प्रबोधिनीसाठी, तयार करणं हा आहे. एन्ट्रन्सनंतर मेडिकल असते, आणि पुढं एनडीएची मेडिकल वेगळी, तेव्हा डोळे, रंग ओळखणं हे आधीच डॉक्टरकडून बघून घ्या. पहाटेची पीटी, परेड, शिस्त आवडणारी मुलं तिथं खरंच फुलतात, आणि ज्याला फौजेत जायचंच नाही त्याला नुसत्या नावासाठी पाठवू नका.

नवोदय विद्यालयं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आली, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, खर्च जवळपास नाहीच, त्यामुळं खेड्यातल्या हुशार मुलासाठी मी आधी हीच सुचवीन. फक्त नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, ते मुलाला आणि आजीला आत्ताच सांगून ठेवा. आणि राजगुरुनगरजवळची सह्याद्री स्कूल तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींच्या फाउंडेशनची, तिथं तुलना आणि स्पर्धा नको हाच मूळ विचार, रँक विचारणाऱ्या घराला ते झेपेल का हे स्वतःलाच विचारा.

नावाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. अजमेरचं मेयो १८७५ चं, डेहराडूनचं डून १९३५ चं, जुन्या शाळांची मैदानं, लायब्ररी, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी आयुष्यभर कामाला येतात. पण त्या ओळखी पंचविशीत लागतात हो, आणि अकरा वर्षांच्या पोराला रात्री ताप आला तर कोण उठतं हे आज लागतं.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिस आणि ऑडिटोरियम पटकन उरका. मेसमध्ये मुलांबरोबर जेवा, बाथरूम बघा, दोरीवरचे कपडे कुणाचे ते कसं कळतं विचारा, एका वॉर्डनकडं किती मुलं, रात्री नर्स आत राहते की फोनवर बोलवावी लागते, घरी फोन आठवड्यातून किती वेळा. दुपारी चार ते रात्री नऊचं टाइमटेबल लिहून घ्या आणि रविवारचं वेगळं, कारण वर्गात मूल कुठंही तग धरतं, कसोटी लागते ती या वेळात. मध्येच शाळा सोडलेल्या एखाद्या मुलाच्या आईवडिलांशी पण बोला. फी परत मिळण्याचा नियम पैसे भरायच्या आधी लेखी मागा.

मग मुलाला विचारा, पण चार पाहुण्यांसमोर नको, गाडीवर मागं बसलेला असताना विचारा, तेव्हा मुलं बोलतात. भाच्यासाठी दुसरी शाळा बघताना मी असंच विचारलं तर तो बराच वेळ गप्प आणि मग म्हणाला, "मावशी, तिथं तबला खोलीत ठेवू देतात का?" आम्ही गाडी वळवली, परत शाळेत गेलो आणि तेवढंच विचारून आलो.