चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचंय, पण कचऱ्याच्या पिशव्या भरायच्या नाहीयेत

गुढीपाडवा झाला की चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपणाला असते, म्हणजे तुमच्याकडे अख्खा महिना आहे, त्यातली कुठलीही एक संध्याकाळ पकडा. मंगळवार-शुक्रवार बघणारे बघतात, नोकरीवाल्यांनी सरळ शनिवार-रविवार धरावा, गौरीची काही तक्रार नसते.

आता मुद्द्याचं. हा सण मुळात बिनकचऱ्याचाच आहे हो. कैरी, भिजवलेले हरभरे, मोगरा, माठातलं पाणी, यातलं टाकून द्यायचं असं आहेच काय? कचरा आला तो गेल्या काही वर्षांत आपणच आणून ठेवलेल्या गोष्टींमुळे, म्हणजे कागदी कप, चमकीच्या पिशव्या, तयार मखर आणि वर ते प्लॅस्टिकचं वाण. त्यामुळे 'इको-फ्रेंडली' म्हणून काही वेगळं महागडं सामान ऑनलाइन मागवायला जाऊ नका, यादीतून चार वस्तू खोडल्या तरी निम्मं काम झालं.

सगळ्यात आधी भांडी, कारण खरी गोची तिथेच होते. "तीस बायका येणार, एवढी फुलपात्रं कुठून आणू" असं म्हणत आपण कागदी कपांचं पाकीट आणतो. पण हळदीकुंकवाला सगळ्या एकदम येतात का? येत नाहीत. कोणी ऑफिसमधून परस्पर येते, कोणी पोरांना क्लासला सोडून येते, कोणी सव्वाआठला "अगं उशीर झाला" करत येते. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच '५ ते ८, जमेल तेव्हा या' असं लिहा, मग एका वेळी दहा-बाराच्या वर माणसं घरात नसतात आणि पंधरा-सोळा फुलपात्रांवर अख्खी संध्याकाळ निघते, फक्त बेसिनशी एकजण हवं. हे काम घरातल्या पुरुषमंडळींना द्या, ते एरवी त्या दिवशी बेडरूममध्ये मोबाइल घेऊन लपलेले असतात. कागदी कप कागदाचा असतो म्हणून चालतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर पन्हं पाच मिनिटांत टेबलावर आलं असतं. तो ना धड कागदात जातो ना खतात.

कमी पडली तर शेजारून आणायची. आपल्याकडे जुन्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायची पद्धत होती ती या कामासाठी एक नंबर आहे, कोणाच्या लग्नातलं, कोणाच्या बारशातलं, तारखेसकट सगळं पेल्यावर लिहिलेलं असतं, अदलाबदल व्हायचा प्रश्नच नाही. नावं नसतील तर बुडाला नेलपेंटचा ठिपका द्या, एका घराचा लाल, दुसऱ्या घराचा गुलाबी. माणसं पन्नासच्या वर असतील तर केटररकडे किंवा मंडपवाल्याकडे स्टीलची भांडी भाड्याने मिळतात, विचारून बघा. आणि पत्रावळ-द्रोण आणणार असाल तर पळसाच्या पानांचे बघून घ्या, त्या चंदेरी चकचकीत द्रोणांवरही प्लॅस्टिकच असतं.

आता पन्हं. एक किलो आंबट कैऱ्या घ्या, तोतापुरी नको, तिला धड आंबटपणा नसतो. सकाळच्या वरणभाताच्या कुकरमध्येच वरच्या डब्यात कैऱ्या ठेवून द्या, वेगळा गॅस जाळायला नको. गार झाल्या की सालं काढून गर पिळून घ्या, कोयीला लागलेला गरही चमच्याने खरवडायचा, तो सोडू नका. किलोभर कैऱ्यांचा सहाशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो, त्यात दीडपट गूळ, पाव चमचा मीठ, सात-आठ वेलच्यांची पूड, आणि गूळ विरघळेपर्यंत हाताने मस्त कालवायचं. साखर की गूळ यावर घराघरात भांडणं आहेत, माझं मत असं की केशर घालणार असाल तर साखर घ्या, गुळाच्या रंगात केशर दिसतच नाही आणि पैसे वाया जातात. हा घट्ट गर आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवला तरी छान राहतो. ऐनवेळी फुलपात्रात तीन मोठे चमचे गर आणि वर माठातलं गार पाणी, ढवळलं की झालं. एवढ्यात साधारण तीस फुलपात्रं होतात. बाहेरचा बर्फ आणू नका, तो कुठल्या पाण्याचा असतो कोणास ठाऊक. आणि एक, हौसेने पितळी पिंपात किंवा पातेल्यात पन्हं करून ठेवायला जाल तर आतून कल्हई आहे ना ते बघा, कल्हई उडालेली असेल तर आंबट पदार्थ कळकतो, वास येतो आणि पोटालाही बरं नाही. स्टीलचं पातेलं घ्या, वाटलं तर पितळी भांडं आराशीत ठेवा.

पाण्यासाठी दोन दिवस आधी माठ काढून धुऊन भरून ठेवा आणि त्यात वाळ्याची एक छोटी जुडी दोऱ्याने बांधून सोडा. वाळा आधी स्वच्छ धुवायचा, त्याच्या मुळांत माती असते. त्या वाळ्याच्या पाण्याला जो वास येतो तो कुठल्याही रूम फ्रेशनरला येत नाही. तीच जुडी नंतर वाळवून कपाटात कपड्यांत ठेवता येते.

आंब्याची डाळ. (कैरीची डाळ म्हणा, वाटली डाळ म्हणा, आमच्याकडे आंब्याची.) तीस जणांना दोन दोन डाव द्यायची तर अर्धा किलो हरभऱ्याची डाळ पुरते. चार-पाच तास भिजवायची, मग चाळणीत अगदी पूर्ण निथळायची, पाणी राहिलं की मिक्सरमध्ये चिखल होतो. भरडच वाटायची, बोटांना कण लागला पाहिजे. त्यात दोन कैऱ्या किसून, एक नारळ खवून, मीठ, साखर, कोथिंबीर. फोडणी तेलाची, मोहरी, हिंग सढळ हाताने, हळद, सुक्या लाल मिरच्या, आणि ही फोडणी पूर्ण गार करून मग डाळीवर ओतायची. गरम ओतली तर डाळीचा तो कच्चा करकरीत स्वाद जातो. एप्रिलच्या उन्हात ही डाळ फार वेळ बाहेर टिकत नाही, म्हणून एकदम सगळी कालवू नका, वाटलेली डाळ फ्रीजमध्ये, कैरी-खोबरं वेगळं, आणि तासा-दीड तासाने थोडी थोडी कालवत जा. उरलेली दुसऱ्या दिवशी खमंग परतली की पोळीबरोबर जाते. परदेशातल्या मैत्रिणी कैरी मिळाली नाही तर हिरवं आंबट सफरचंद किसून घालतात, चव अगदी तीच नाही पण गौर मान्य करते म्हणे.

डाळ द्यायला केळीच्या पानाचे चौकोनी तुकडे कापून स्टीलच्या छोट्या ताटल्यांत ठेवले की दिसायलाही छान, ताटली नुसती विसळली तरी पुरते, आणि पान कंपोस्टमध्ये.

आरास हा सगळ्यात मजेचा भाग आणि थर्माकोल घुसतो तो इथेच. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या आणि प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीचा थर्माकोलही बंद झालाय, तरी दुकानात मागच्या बाजूला मिळतोच, आपण मागायचा नाही एवढंच. पायऱ्या करायला घरातले पिठाचे डबे, पुस्तकांचे गठ्ठे, सुटकेस काहीही चालतं, वरून आजीची किंवा आईची जुनी काठापदराची साडी पसरली की खाली काय आहे ते कोणाला कळतही नाही. साडीला पिना मारू नका, जरीत भोकं पडतात, पायरीच्या कडेला घडी आत खुपसायची. गौर झोपाळ्यात बसवायची, तो पितळी असेल तर चिंचेने घासून घ्या, नसेल तर छोट्या पाटाला चारी बाजूंनी सुती दोरी बांधून टांगता येतो.

हिरवळ हवी असेल तर त्या प्लॅस्टिकच्या गवताच्या चटया आणू नका, पाच-सहा दिवस आधी पसरट ताटलीत ओलं सुती कापड घालून त्यावर अळीव पेरा. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि कापडाला चिकटून बसतो, रोज फक्त पाणी शिंपडायचं, बोट-दीड बोट उंचीचं मऊ रान तयार होतं आणि पोरं शाळेतून आली की आधी तेच बघायला धावतात. त्यात मातीची खेळणी, लाकडी बाहुल्या, घरात असतील ती चित्रं. शेवटच्या पायरीवर कलिंगड कमळासारखं कापून, काकडीची होडी, लाडू-करंज्या. कलिंगड शेवटी कापा, पंख्याखाली चार तासांत ते सुकतं आणि त्यावर माश्या येतात, आणि कार्यक्रम संपता संपता सगळ्यांना वाटून टाका. सालाच्या आतला पांढरा भाग किसून थालीपिठात घालता येतो, कोशिंबीरही होते.

दारात चैत्रांगण काढायचं. मधोमध झोपाळ्यातली गौर, वर सूर्य-चंद्र, बाजूने शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, नाग, गोपद्मं, कंगवा-करंडा, एवढं सगळं एका उंबऱ्यापुढे मावतं. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये तेवढी जागा नसते, मग गेरूने रंगवलेल्या पाटावर काढा, पाट उचलून आत ठेवता येतो. ते तयार स्टिकर नकोच, त्याचा चिकटा महिनाभर फरशीवर राहतो. तांदळाच्या पिठाने काढलं तर मुंग्या-चिमण्यांची सोय होते हे खरं, पण नुसतं बारीक पीठ वाऱ्याने उडतं आणि रेघ तुटते, थोडं जाडसर दळलेलं घ्या म्हणजे चिमटीतून नीट सुटतं.

फुलं मोजकीच आणा. मोगरा या दिवसांत स्वस्त असतो, पण तयार गजरे प्रत्येकी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत येतात, त्यापेक्षा सुटा मोगरा पाव-अर्धा किलो स्वतःचा डबा नेऊन आणा आणि दुपारी दोघी-तिघींनी बसून गप्पा मारत सुती दोऱ्यात गुंफा. येत नसेल तर ओल्या फडक्यात ठेवलेला मोगरा तसाच ओंजळीत द्या, तेवढ्याने काही बिघडत नाही. आंब्याचा टहाळा फुलवाल्याकडून घ्या, सोसायटीच्या झाडाला मोहोर-कैऱ्या लागलेल्या असताना फांद्या ओढायला जाऊ नका, वॉचमन तर ओरडेलच, झाडावर राघूही असतात. कुंकू हळदीपासून केलेलं मिळालं तर बघा, काही तयार कुंकवांत केमिकल रंग असतात आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांना खाज सुटते.

ओटीचे हरभरे आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून सुती कापडावर पसरायचे, ओलेच राहिले तर संध्याकाळपर्यंत चिकट होतात. किलोभराचे फुगून जवळपास दुप्पट होतात, तीस जणींना पुरतात. पूर्वी ते थेट पदरात पडायचे, आता निम्म्या जणी ड्रेस किंवा जीन्समध्ये येतात, मग सगळ्यांना दिसतात त्या झिपच्या छोट्या पिशव्या. निमंत्रणातच लिहून टाका, 'हरभऱ्यासाठी रुमाल किंवा डबी आणा', कोणाला राग येत नाही, उलट दोघी-तिघी विचारतात की ही आयडिया कोणाची. विसरलेल्यांसाठी कागदाचे पुडे बांधून ठेवायचे, वाण्यासारखे शंकूच्या आकाराचे, पण छापील वर्तमानपत्राचे नकोत, शाई खाण्याला लागते. मुलांच्या वह्यांची कोरी पानं वापरा.

वाणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. वस्तू लुटायच्या त्या संक्रांतीला, चैत्रात ओटी, डाळ, पन्हं, अत्तर आणि मोगरा, संपलं. तरी हल्ली मैत्रीण देते म्हणून आपणही देतो आणि सगळ्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या डब्यांचे मनोरे होतात. कापडी पिशव्या देणाऱ्यांनाही हात जोडून विनंती, प्रत्येकीकडे त्या डझनभर झाल्यात. अगदीच हात रिकामा वाटत असेल तर ओटीत एक कैरी टाका, ती कोणालाच नकोशी होत नाही.

बोलवायचं कोणाला? सगळ्यांना. सवाष्ण, विधवा, लग्न न केलेली, घटस्फोटित, कामाला येणाऱ्या मावशी, खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे काका, पन्हं प्यायला काय कोणाला बंदी आहे? ज्यांना कुंकू लावायचं नसेल त्यांना अत्तर आणि फूल द्या आणि त्यावर चर्चा करू नका.

संध्याकाळ संपली की कैरीच्या साली, पानं, निर्माल्य सगळं एका टोपलीत, थेट कुंडीत किंवा सोसायटीच्या कंपोस्टमध्ये, नदीत नाही. कोयी मात्र तशाच टाकल्या तर कुजायला फार वेळ लावतात, त्या आधी ठेचून घ्या. शेजारची भांडी दुसऱ्याच दिवशी परत करा आणि रिकामी देऊ नका, थोडी परतलेली डाळ नाहीतर पन्ह्याचा उरलेला गर घालून द्या.

आणि उरलेल्या हरभऱ्यांचं काय करायचं हे मला विचारू नका, उसळच करायची. चैत्रात प्रत्येक घरी चार ठिकाणचे हरभरे जमलेले असतात, त्यामुळे शेजारणीला द्यायला गेलात तर ती तिच्याकडचेच डबाभर तुमच्या हातात ठेवेल. फ्रीझरमध्ये टाका, पंधरा दिवसांनी आमरसाचं जेवण असेल तेव्हा काढा.