यीस्ट वापरून सांडपाणी शुद्ध करायचंय? आधी नायट्रोजनचा हिशेब मांडा

सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस यीस्टकडून काढून घ्यायचा, असा विषय घेऊन कुणी आलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो: काढलेला नायट्रोजन जाणार कुठे? नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि पुढच्या, प्राणवायू नसलेल्या टाकीत दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. यीस्टच्या बाबतीत ही वाट धरायची नसते. यीस्ट अमोनियम (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाचं आयनरूप) आत घेतं, त्याची प्रथिनं बनवतं आणि ती पेशीतच राहतात. म्हणून पेशी पाण्यातून वेगळ्या केल्याशिवाय नायट्रोजन 'काढला' असं म्हणता येत नाही. सगळी कामाची आखणी याच एका गोष्टीवर उभी राहते.

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. कोरड्या यीस्टच्या वजनात साधारण 7 ते 9 टक्के नायट्रोजन असतो, फॉस्फरस 1 ते 2 टक्क्यांच्या आसपास. भरपूर हवा मिळाली तर एक ग्रॅम साखरेवर साधारण अर्धा ग्रॅम यीस्ट तयार होतं. आता लिटरमागे 100 मिलिग्रॅम नायट्रोजन काढायचा असेल तर सव्वा ग्रॅम यीस्ट वाढायला हवं, आणि त्यासाठी अडीच ग्रॅम साखर लागेल. घरगुती सांडपाण्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याचं माप: ते ऑक्सिडीकृत करायला लागणारा प्राणवायू) लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आसपास धरा आणि नायट्रोजन 40. तो सगळा सीओडी साखरच आहे असं उदार मनाने मानलं तरी जेमतेम 20 मिलिग्रॅम नायट्रोजन यीस्टमध्ये जाईल. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं सेंद्रिय द्रव्य यीस्टला पचतही नाही.

हा हिशेब पाहून काहीजण हिरमुसतात. हिरमुसू नका, विषयाचं खरं बळ इथेच कळतं. यीस्टची जागा आहे ती साखर, स्टार्च, तेल किंवा सेंद्रिय आम्लं भरपूर असलेल्या औद्योगिक सांडपाण्यात: बटाटा प्रक्रिया, दुग्धव्यवसाय, मद्यार्काच्या डिस्टिलरी, तेलगिरण्या. स्वीडनमध्ये विकसित झालेली सिम्बा प्रक्रिया याचं उत्तम उदाहरण. बटाट्याच्या स्टार्चयुक्त पाण्यात दोन यीस्ट एकत्र वाढवत. एक स्टार्च फोडून साखर करी आणि दुसरं, कॅन्डिडा युटिलिस, त्या साखरेवर फोफावे. पाण्यातला सेंद्रिय भारही कमी होई आणि पशुखाद्यासाठी प्रथिनंही मिळत.

यीस्ट निवडताना ओळखीचं म्हणून बेकरीचं यीस्ट उचलू नका. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए साखर जास्त दिसली की हवा असूनही अल्कोहोल करायला लागतं. मग पेशी कमी, नायट्रोजनचं शोषण कमी, आणि अल्कोहोल पाण्यात राहून सीओडी तसाच. शिवाय त्याला नायट्रेट वापरता येत नाही. कॅन्डिडा युटिलिसला या दोन्ही अडचणी नाहीत. पाण्यात तेलतूप असेल तर यारोविया लिपोलिटिकाकडे वळा, ते स्वतःच लायपेज, म्हणजे तेलतूप फोडणारं विकर, बाहेर सोडतं. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसची वाढ पाहून मोह होतो, पण ते माणसाला संसर्ग करू शकतं. जैवसुरक्षेची तयारी नसेल तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. फ्लास्क शेकरवर (तो सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) चढला की पहिली हालचाल पीएचमध्ये दिसते. अमोनियम आत घेताना यीस्ट प्रोटॉन (पाणी आम्ल करणारे हायड्रोजनचे आयन) बाहेर टाकतं, त्यामुळे पाण्याला क्षारतेचा आधार नसेल तर पीएच झपाट्याने घसरतो. मला हा घसरणारा आकडा फार आवडतो, कारण अमोनियाची चाचणी लावण्याआधीच शोषण सुरू झाल्याचा तो सांगावा असतो. पीएच 4 ते 5 च्या दरम्यान ठेवला तर बहुतेक जिवाणू मागे पडतात आणि यीस्टचं फावतं. निर्जंतुक न केलेल्या पाण्यावर काम करायचं तर हा पीएच हेच तुमचं कुंपण.

याच पीएचचा आणखी एक फायदा आहे: आम्ल पाण्यात अमोनिया अमोनियमच्या रूपात विरघळलेला राहतो, उडून जात नाही. उलट पाणी अल्कधर्मी असेल आणि त्यातून हवा खेळवली तर अमोनिया वायुरूपाने उडून जातो. श्रेय मात्र यीस्टला मिळतं. म्हणून यीस्ट न घातलेला फ्लास्क प्रत्येक प्रयोगात हवाच, आणि जमल्यास मृत यीस्ट घातलेलाही. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलेलं सांडपाणी आधी होतं तसं राहत नाही हेही ध्यानात ठेवा: अमोनिया घटतो, फॉस्फेटचा साका बसू शकतो. सुरुवातीचं मोजमाप ऑटोक्लेव्ह केल्यानंतरच्या पाण्याचं घ्या.

फॉस्फरसबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण विषयातला सगळ्यात देखणा भाग तोच आहे. यीस्ट गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट घेऊन त्याच्या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिफॉस्फेट, रसधानीत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) साठवून ठेवतं. पेशींना काही काळ फॉस्फेटविना ठेवलं आणि मग फॉस्फेट असलेल्या पाण्यात सोडलं तर त्या अधाशासारखं ते ओढून घेतात. टोल्युइडिन ब्लू हा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की निळसर पेशींत जांभळट-गुलाबी कण उठून दिसतात. पाण्यातून गेलेला फॉस्फरस असा डोळ्यांनी पाहायला मिळणं ही या कामातली मोठी गंमत आहे, ती चुकवू नका.

पण साठवलेलं परतही येतं. साखर संपल्यावर पेशी तशाच राहू दिल्या तर काही मरतात, फुटतात, आणि फॉस्फेट व अमोनियम पुन्हा पाण्यात उतरतं. दुसऱ्या दिवशीचा आकडा पहिल्या दिवसापेक्षा वाईट आला तर आधी हेच तपासा. मेथिलिन ब्लू लावून मृत पेशी मोजा, त्या निळ्या राहतात. नमुनाही काढल्या काढल्या 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मगच फ्रीजरमध्ये ठेवा. पेशींसकट गोठवला तर वितळताना पेशी फुटतात आणि तुम्ही मोजता ते फॉस्फेट पाण्याचं राहत नाही. फॉस्फेट मोजायची मॉलिब्डेनम ब्लू चाचणी फक्त मोकळं फॉस्फेट दाखवते. एकूण फॉस्फरससाठी नमुन्याचं परसल्फेटने पचन करावं लागतं, म्हणजे बांधलेला फॉस्फरस रसायनाने मोकळा करावा लागतो. पाण्यातून घटलेला आणि पेशींत सापडलेला, असे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मार्गदर्शकाने मागितलं नाही तरी हा ताळेबंद प्रबंधात घाला.

पेशी गोळा करण्याचा विचार शेवटी करायची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. फ्लास्कमध्ये सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्राने) दहा मिनिटांत काम होतं, मोठ्या टाकीला ते महाग पडतं. यीस्टची पेशी जिवाणूंपेक्षा बरीच मोठी असल्याने ती लवकर खाली बसते, आणि काही वाणांचे कॅल्शियमच्या साथीने आपोआप पुंजके होतात. तुमच्या वाणाची ही सवय पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या: उंच मोजपात्रात मिश्रण ओतून ठेवा आणि वरचं पाणी किती वेळात निवळतं ते लिहा. दोन वाण नायट्रोजन सारखाच घेत असतील तर मी डोळे झाकून लवकर बसणारा निवडेन.

गोळा केलेल्या यीस्टचं करायचं काय, हे पाणी कुठून आलं त्यावर ठरतं. खाद्यपदार्थांच्या कारखान्यातलं पाणी असेल तर पशुखाद्याचा विचार करता येतो, मात्र जड धातूंची तपासणी करून आणि तिथले खाद्यविषयक नियम पाहून. घरगुती मैलापाण्यावर वाढवलेलं यीस्ट खाद्याकडे वळवू नका. त्याचा विचार खत किंवा बायोगॅस या अंगाने करा आणि तसं प्रस्तावातच स्पष्ट लिहा.