'आजारी' असं लिहिण्याआधी

आमच्या हजेरीपटावर सगळ्यात स्वस्त शब्द होता 'आजारी'. पोरगं आलं नाही, घरचा फोन लागला नाही, की मी शेऱ्याच्या रकान्यात 'आजारी' लिहून मोकळी. नोकरीच्या पहिल्या वर्षीचा तो पट अजून कपाटात आहे. कधी हाताशी आला तर मी तो उघडत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत विशेष शिक्षिका आहे. काही मुलं वसतिगृहात राहतात, बाकीची आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून ऑटोनं येतात. रुजू झाले तेव्हा विशेष शिक्षणाची पदविका होती, पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक होता, आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कसा करायचा हे तोंडपाठ होतं. दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी हजेरीपट आणि एक जाड फाईल माझ्यासमोर सरकवली. "मॅडम, हजेरी आणि मुलांची सुरक्षा, दोन्ही आता तुमच्याकडे." ही कामं नवीन माणसाच्याच गळ्यात पडतात, कारण जुन्यांना त्यांचं ओझं माहीत असतं. तुम्ही या क्षेत्रात येत असाल तर तुमच्याकडेही येतीलच, म्हणून हे लिहिते आहे.

मला तेव्हा ही दोन वेगळी कामं वाटली. हजेरी म्हणजे कारकुनी, महिनाअखेरची बेरीज. सुरक्षा म्हणजे समितीची बैठक, इतिवृत्त, सह्या. दोन्ही एकच आहेत हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, एका तेरा वर्षांच्या मुलीमुळे कळलं.

डिसेंबरात बेरीज करताना तिच्या ओळीवर पेन्सिल अडखळली. गैरहजेरी पुष्कळ होती, पण ती विखुरलेली नव्हती. मंगळवार, बुधवार. पुन्हा मंगळवार, बुधवार. मागचे दोन महिने उलटून पाहिले, तेच. आणि प्रत्येक खान्यासमोर माझ्या अक्षरात 'आजारी'. दर आठवड्याला ठरलेल्या वारी कुणाला ताप येतो?

मंगळवार आमच्या गावचा बाजार. तिची आई भाजीचं दुकान लावते. पहाटेच निघते, त्यामुळे मुलीला ऑटोत बसवून द्यायला घरी कुणी नसणार, इथवर अंदाज आला. बुधवारचं कोडं सुटेना. मग एका बुधवारी वसतिगृहातल्या काळजीवाहक मावशींना सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मुलगी अंगणात बसली होती. मला पाहून हसली आणि तिनं दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले. मनगटांवर वळ होते, एका जागी कातडी निघालेली.

आईनं काही लपवलं नाही. "बाजाराच्या दिवशी बांधून ठेवतो मॅडम, बाजेले. लुगड्याच्या चिंधीनं. मांगं विहीर हाये, बुढीले दिसत नाही. गेल्या पावसात पोट्टी पार काठावर जाऊन बसली होती. अन् दुसऱ्या दिवशी असे हात घेऊन शाळेत कशी पाठवू? तुम्ही काय म्हनसान मले?"

माझ्या तोंडाशी भाषण आलं होतं. मावशींनी मला वेळच दिला नाही. त्या खाली बसल्या, पाणी मागितलं, आणि विचारलं, "तू किती वाजता येतं वं बाजारातून?" सहा, साडेसहा. "अन् पोट्टीले सोबत आनलं तं?" बाजारात ती हात सोडून पळते. "तं आमच्याजवळ ठेव नं."

परतल्यावर त्याच दुपारी मी सगळं लिहून काढलं: काय पाहिलं, किती वाजता, कोण काय बोललं. मुख्याध्यापकांना दिलं. त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून घेतलं, तिथल्या कार्यकर्त्या घरी जाऊन आल्या. जखमा ग्रामीण रुग्णालयात दाखवल्या. ठरलं ते असं: मंगळवारी आई भाजीच्या टोपल्यांसोबत मुलीलाही काळी-पिवळी जीपमध्ये बसवते, सात वाजता वसतिगृहात सोडते आणि संध्याकाळी परतताना घेऊन जाते. लेखी संमती फाईलला लावली. मंगळवार सुधारला तसा बुधवार आपोआप सुधारला.

हा प्रसंग मी नवीन सहकाऱ्यांना सांगते तेव्हा खोलीत दोन तट पडतात. एक म्हणतो, बिचारी आई, कशाला वर कळवलं? दुसरा म्हणतो, एवढा क्रूरपणा आणि नुसती समजूत काढली? माझं मत असं की आई कशी आहे हे ठरवायचं काम माझं नव्हतं. जे दिसलं ते त्याच दिवशी लिहून वर कळवणं एवढंच माझं होतं, आणि तीन महिने मी तेवढंही केलं नव्हतं.

तर आता काम कसं करते ते सांगते. प्रार्थनेनंतर हजेरी होते. अकराच्या आत प्रत्येक गैरहजर मुलाच्या घरी फोन. शेऱ्यात 'आजारी' एवढंच चालत नाही. काय झालं, कुणी सांगितलं, किती वाजता सांगितलं, हे लिहायचं. फोन लागेलच असं नाही. इथे रिचार्ज संपला की माणसं नंबरच बदलतात. म्हणून प्रवेशाच्या वेळी तीन नंबर घ्या: घरचा, शेजाऱ्याचा, आणि गावातल्या किराणा दुकानाचा. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांचे नंबर तर तुमच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये असू द्या. लागोपाठ तीन दिवस खबर नाही, तर चौथ्या दिवशी घरी जायचं. आमच्या शाळेनं घालून घेतलेला हा नियम आहे, शासनाचा नाही. आणि महिन्यातून एकदा पट आडवा नाही, उभा वाचा. वार पाहा, तारखा पाहा, एकाच ऑटोतली मुलं एकदम गळतात का पाहा.

कारणं बहुतेकदा साधी असतात. दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते आणि उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, घरात मोठं माणूस दिवसा सापडत नाही. मुलाला सांभाळायला थोरल्या बहिणीला घरी ठेवतात, म्हणजे दोन शाळांचे दोन पट बिघडतात. ऑटोवाला म्हणतो, याची चड्डी ओली होते, मी नाही नेत. फिट येणाऱ्या मुलाच्या गोळ्या संपलेल्या असतात आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला कुणी मोकळं नसतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना थंडीत अंग दुखून येतं, ती खरोखरच आजारी असतात. वयात आलेल्या मुलींना पाळीच्या चार दिवसांत घरीच ठेवतात. यावर उपाय लहान लहान आहेत: शाळेत कपड्यांचा जादा जोड आणि पॅड ठेवणं, पॅड बदलायला मुलीला एकेक पायरीनं शिकवणं, गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आईला फोन करणं. फिटचं एक सांगून ठेवते. चप्पल हुंगवायची नाही, कांदा नाही, दातांत चमचा तर मुळीच नाही. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ लावा.

आता पटाबद्दलची एक कडू गोष्ट. 'लावून टाका हजेरी, तपासणी आहे,' असं तुम्हाला कुणीतरी कधीतरी म्हणेल. अनुदान मुलांच्या संख्येवर असतं, त्यामुळे हा दबाव नवीन नाही. मला एका जागी असं सांगितलं गेलं होतं, कुठे ते सोडा. मी तेव्हा प्रामाणिकपणाचं प्रवचन दिलं नाही, फक्त विचारलं: आज ते मूल रस्त्यावर हरवलं, विहिरीत पडलं, किंवा त्याच्यावर कुणी हात टाकला, तर कागदावर ते कुणाच्या ताब्यात होतं? तुमच्या आणि माझ्या. पट परत माझ्याकडे आला, कोरा.

समजुतीनं सुटतील अशाच सगळ्या गोष्टी नसतात, आणि काही गोष्टी सोडवण्याचा तुम्हाला अधिकारच नसतो. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की पोलिसांना कळवायचं. शाळेत चौकशी करून, खात्री करून मग नव्हे. न कळवणं हाच कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर मात्र जबाबदारी येत नाही. मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. हे कलमांसकट पाठ करा, कारण संध्याकाळी गावातली चार वजनदार माणसं येऊन बसतील आणि म्हणतील, 'पोरीचंच नाव खराब होईल, मिटवून घ्या.' तेव्हा 'हे माझ्या हातात नाही, कायदाच तसा आहे' एवढं एक वाक्य पुरतं.

अशा वेळी वसतिगृहात पहिली चूक मायेपोटी होते. मावशी मुलीला आंघोळ घालतात, कपडे धुऊन टाकतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मावशीला हे आधीच सांगून ठेवलेलं असतं: धुवायचं नाही, अंग पुसायचं नाही, कपडे तसेच ठेवायचे. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. ते जे बोललं, जी खूण केली, ती त्याच शब्दांत लिहायची. 'बहुधा असं म्हणायचं असेल' अशी भर घालायची नाही. जबाब पोलीस घेतील, तेही गणवेशाशिवाय, आणि जमेल तितकं महिला अधिकाऱ्यानं. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्या जबाबासाठी विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद कलम २६ मध्ये आहे. म्हणजे एखाद दिवशी ती खुर्ची तुमची असेल. त्या मुलाच्या खुणा तुम्हाला रोजच्या ओळखीच्या नसतील तर तिथे बसून काही उपयोग नाही.

खुणांवरून आठवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि नंतर शासनानं शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी असे आदेश काढले. आमच्या भिंतीवरही पेटी लागली. लिहिता न येणाऱ्या मुलांच्या शाळेत तक्रारपेटी! मी हसले खरी, पण मग आम्ही तिच्याखाली चित्रांच्या पट्ट्या लटकवल्या: 'नको', 'थांब', 'दुखतं', शरीराचे भाग, शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा फोटो. बंजारा तांड्यावरच्या मुलांसाठी आईच्या चित्राखाली 'याडी' लिहिलं, कारण 'आई' म्हटलं की ती मुलं बघतसुद्धा नव्हती. वर्गात रोज 'नको' शिकवा. आम्ही विशेष शिक्षक मुलांना वर्षानुवर्षं 'सांगेल ते ऐक' एवढंच शिकवत आलो, आणि प्रत्येकाचं ऐकणारं मूल कुणाच्याही हाती सहज लागतं.

वागणं अचानक बदललं की 'त्याच्या अपंगत्वामुळे' हे उत्तर सगळ्यात शेवटी. आमचा एक मुलगा पंधरा दिवस स्वतःच्या कानावर थापा मारत होता. स्वमग्न आहे, करतात अशी मुलं, असं सगळेच म्हणालो, मीही. कान पिकलेला निघाला.

रोजच्या शिस्तीचं थोडक्यात सांगते. आंघोळ आणि संडासच्या वेळी एकटं मोठं माणूस नको, दार पूर्ण बंद नको. मुलींचं काम बायकांनीच करायचं. मूल घ्यायला येणाऱ्याचा फोटो वहीत असेल तरच मूल सोपवायचं. मामा आहे, काका आहे, आमदारांचा माणूस आहे, काही चालत नाही. अंगावरच्या खुणा कागदावरच्या बाहुलीच्या आकृतीत काढायच्या, स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटो घ्यायचा नाही. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावाच, पण स्वयंपाकघरातही लावा. स्वयंपाकी बाईंना जितकं दिसतं तितकं मुख्याध्यापकांना दिसत नाही.

मुलांना यावंसं वाटलं पाहिजे, हेही हजेरीचंच काम. पोळ्याला आम्ही मातीचे बैल करतो, रंगवतो, आणि दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, शाळेतच मिरवणूक काढतो. त्या आठवड्यात मला एकही फोन करावा लागत नाही. उलट उन्हाळ्यात, शाळा सकाळची झाली की निम्मा वेळ ऑटोवाल्यांची मनधरणी करण्यात जातो. आपल्याकडे ऊन इतकं की विदर्भातल्या शाळा जूनअखेरीसच उघडतात, तरी पहिल्या आठवड्यात मुलं मलूल असतात. तेव्हा अभ्यासापेक्षा पाणी पाजण्याकडे लक्ष द्या.

आणि दिवाळीनंतर वसतिगृह ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी रजा मागू नका. दिवाळी झाली की इकडचे कितीतरी तांडे ऊसतोडीला, बांधकामावर निघून जातात आणि सोबत मूलही जातं, नाहीतर म्हाताऱ्यांजवळ मागे राहतं. सुटीला जातानाच प्रत्येक पालकाकडून लिहून घ्या: कुठे जाणार, मुकादम कोण, त्याचा नंबर काय. मी त्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीपासून फाटकात खुर्ची टाकून बसते, मांडीवर यादी घेऊन. मूल आलं की आधी त्याच्याशी बोलते, मग हात-पाय, पाठ, वजन पाहते, मग टिक करते. गेल्या वर्षी संध्याकाळी शेवटची गाडी गेली तेव्हा चार नावं उरली होती. तिघांचा पत्ता फोनवर लागला. चौथ्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि मी पुन्हा काळी-पिवळीत बसलो.