जुन्या लाकडाचं काष्ठशिल्प: पटाशी उचलण्याआधी

पाडलेल्या वाड्याचा वासा किंवा चौकटीचा तुकडा हाती लागला की आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा पटाशीची धार घालवतो. पितळी खिळ्याला चुंबक चिकटत नाही, तेव्हा डोळ्यांनीही नीट बघा. मग तुकडा रात्रभर काळ्या कागदावर ठेवा. सकाळी खाली पिठासारखी भुकटी पडली असेल तर आत कीड जिवंत आहे. असा तुकडा घरात नकोच.

आता ओलं फडकं फिरवा, रेषा उठून दिसतील. गाठीभोवती त्या वळतात, तिथे पक्ष्याचा डोळा किंवा शंखाचा वेढा आयता मिळतो. गाठ कापून टाकणारे सुतार मला कधी कळलेच नाहीत! मात्र गाठीपाशी पटाशी चालवलीत तर ढलपी निघते, तिथे कानसच बरी. नंतर पॉलिश पेपर: 80, 120, शेवटी 220 नंबर.

शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पंधरा मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून घ्या. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.